डोक्यावर किती किलो?

लग्न जमवताना दोन्हीकडची माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: घर स्लॅबचं आहे ना? उत्तर ‘हो’ असेल तर बोलणी पुढे सरकतात. ‘पत्र्याचं’ असेल तर समोरच्याचा आवाज खाली येतो. स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा आणि पत्रा म्हणजे नाइलाज, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की छप्पर कशासाठी असतं हेच आपण विसरलोय.

छपराकडून आपल्याला काय हवं? त्याने पाऊस अडवावा, वाऱ्यात टिकावं, उन्हात जगू द्यावं आणि जमीन हलली तर आपल्यावर पडून आपला जीव घेऊ नये. या चारही परीक्षांत नीट बसवलेला लोखंडी पत्रा उत्तीर्ण होतो. म्हणून हा लेख पत्र्याच्या बाजूने आहे, आणि मी तो पूर्ण गांभीर्याने लिहितोय.

आधी वजन बघू. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो भरतं. मंगलोरी कौलांचं छप्पर चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या घरात जातं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा पाच किलोंचा, आणि खालचा लोखंडी सांगाडा धरला तरी हिशेब साधारण वीस किलोंच्या आत राहतो. पाचशे चौरस फुटांच्या घरावर स्लॅब टाकला की डोक्यावर जवळजवळ चौदा टन येतात. पत्र्याचं छप्पर सांगाड्यासकट टनाच्या आत मावतं.

हे आकडे किती महत्त्वाचे आहेत ते मराठवाड्याला विचारा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटली होती, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी होती. किल्लारी आणि आसपासच्या गावांत लोक दगड-मातीच्या जाड भिंतींच्या घरांत झोपले होते. वर माळवद होतं: लाकडी तुळयांवर मातीचा थर, आणि गळती थांबवायला त्यावर दरवर्षी टाकलेली आणखी माती. दीड फूट मातीचं वजन चौरस मीटरला सात-आठशे किलो होतं. भूकंप मध्यम तीव्रतेचा होता, पण भिंती फुटल्या, वरची माती खाली आली आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. नंतर तात्पुरत्या निवाऱ्यासाठी काय उभं राहिलं? पत्र्याच्या शेड. ज्या छपराला लोक कमी लेखत होते, त्याच्याखालीच त्यांना झोप लागू शकत होती.

आसामने हा धडा शंभर वर्षांपूर्वीच घेतला. १२ जून १८९७ च्या भूकंपात शिलाँगमधल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यानंतर तिथे घराची नवी पद्धत रुजली: लाकडाचा सांगाडा, बोरूसारख्या इकऱ्याच्या भिंतींवर गिलावा आणि वर पन्हळी पत्रा. तिला आजही ‘आसाम टाइप’ म्हणतात. त्या घरांत बडे अधिकारी राहिले, चहामळ्यांचे साहेब राहिले. जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या प्रदेशात आणि सर्वांत धोकादायक भूकंपपट्ट्यात पत्र्याच्या छपराने पिढ्यान् पिढ्या काढल्या. पत्रा म्हणजे गरिबी असं तिथे कोणाला वाटलं नाही. आपल्याकडेही १९६७ च्या डिसेंबरात कोयना हादरली होती. आपण त्यातून काय शिकलो? स्लॅब.

इंजिनिअरने आखलेल्या, योग्य सळई घातलेल्या, कॉलम-बीम नीट बांधलेल्या आरसीसी घराला मी नावं ठेवणार नाही. ते घर मजबूत असतं. माझा आक्षेप गावोगावच्या त्या स्लॅबवर आहे, जो कॉलम नसलेल्या भिंतींवर गवंड्याच्या अंदाजाने टाकला जातो. घरकुलाचे पैसे हाती येतात, त्यात कर्ज घालून स्लॅब होतो, आणि मग भिंतींना गिलावा करायला, संडासाला दार लावायला पैसे उरत नाहीत. छपरावर वाचलेले पैसे पाया, भिंतीतले बंधपट्टे आणि मोरीला लागले असते तर घर खऱ्या अर्थाने पक्कं झालं असतं.

आता कोकण. तिथे कौल हद्दपार होतंय, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कौलारू घर सुंदर आहे, थंड आहे, श्वास घेणारं आहे. पण ज्याच्या डोक्यावर ते आहे त्याची अडचण ऐका. वानरांची टोळी एका उडीत वीस कौलं फोडते. दर उन्हाळ्यात कौलं उतरवून झाडायची, फुटलेली बदलायची, रिपा तपासायच्या. हे काम करणारे कुशल हात गावात उरलेले नाहीत. वासे वाळवीने पोखरलेत. मुलं मुंबईला, घरात सत्तरीची आई. तिने जूनच्या पहिल्या सरीत शिडी लावून वर चढायचं का? शहरात बसून कोकणातल्या पत्र्यांबद्दल हळहळणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं. लोखंडी चौकोनी पाइपची कैची आणि त्यावर रंगीत पत्रा टाकला की वानर, वाळवी आणि वार्षिक दुरुस्ती हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात.

आणि शहरांनी फार बोलू नये. ठाणे, डोंबिवली, पुणे, कोल्हापूर, कुठल्याही टेकडीवरून खाली बघा. निळ्या, हिरव्या, लाल पत्र्यांनी गच्च्या झाकलेल्या दिसतील. स्लॅब गळतो म्हणून सोसायटीने आधी रसायन फासलं, मग डांबर, मग चायना चिप्स, मग पुन्हा रसायन. दर दोन वर्षांनी वर्गणी, दर वर्षी वरच्या मजल्यावर बादल्या. शेवटी एक दिवस पत्र्याची शेड उभी राहिली आणि गळती थांबली. प्रतिष्ठेचा स्लॅब वाचवायला अखेर पत्राच लागला. याचं कारण साधं आहे: सपाट छपरावर पाणी थांबतं आणि उतरत्या छपरावरून वाहून जातं. आपले पूर्वज दुपाखी, चौपाखी छपरं बांधत होते ते याच कारणाने. एवढं मात्र करा: गच्चीवर शेड टाकण्याआधी महापालिकेची परवानगी घ्या आणि इंजिनिअरकडून इमारतीवरच्या वाऱ्याचा हिशेब करून घ्या.

वारा. पत्र्यावरचा सर्वांत खरा आक्षेप हाच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत गेले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनारा झोडपून गेलं. उडालेले पत्रे सर्वांनी पाहिले. म्हणून पत्रा वाईट? हिशेब करा. ताशी १२० किलोमीटरच्या झोतात चौरस मीटरला सुमारे ६८ किलोंचा जोर असतो. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यांत वर ओढणारी ताकद त्याहूनही वाढते. म्हणजे चौरस मीटरला पंचेचाळीस किलोंचं कौलारू छप्परही त्यापुढे केवळ वजनावर टिकू शकत नाही, आणि त्या दिवशी टिकलं नाहीच. वादळात छप्पर धरून ठेवतो तो त्याचा बांध. पत्रा पर्लिनला (म्हणजे खालच्या आडव्या पाइपला), पर्लिन कैचीला, कैची भिंतीतल्या पट्ट्याला आणि पट्टा पायाला घट्ट बांधलेला हवा. ही साखळी जिथे तुटते तिथून छप्पर उडतं.

आपण काय करतो? पत्र्यावर दगड ठेवतो. विटा ठेवतो, जुने टायर ठेवतो. वादळात छप्पर तर जातंच, वर ठेवलेला दगडही शेजाऱ्याच्या अंगावर जातो. दहा-वीस जास्तीचे स्क्रू आणि चार आडव्या-तिरप्या पट्ट्या यांचा खर्च वाचवायला आपण माणसांचे जीव टांगणीला लावतो. कडेच्या आणि कोपऱ्यांतल्या पत्र्यांना स्क्रू दाट मारा. पागोळीचा भाग भिंतीबाहेर फार लांब काढू नका, वारा तिथेच खालून हात घालतो. छपराला वीस-तीस अंशांचा उतार द्या. जमत असेल तर चौपाखी करा. दुपाखीपेक्षा ते वाऱ्यात जास्त टिकतं.

ऊन. नुसता उघडा पत्रा मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला भट्टी होतो, हे शंभर टक्के खरं आहे. त्याखाली माणसाला ठेवणं हा अन्याय आहे. पण अन्याय नुसता पत्रा टाकून हात झटकणाऱ्याचा आहे. पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग द्या. खाली हवा खेळेल इतकी पोकळी सोडून छत करा, बांबूच्या तट्ट्याचं, प्लायचं किंवा बोर्डचं. आढ्याजवळ गरम हवेला बाहेर जायला वाट ठेवा. पैसे असतील तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल घ्या. अहमदाबादने उष्णतेशी लढण्याच्या आराखड्यात पांढऱ्या छपरांना जागा दिली, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. उन्हाने होरपळणाऱ्या विदर्भाने त्यांच्या मागे का राहावं?

आणि स्लॅब थंड असतो हा समज कोणी पसरवला? दिवसभर शोषलेली उष्णता तो रात्री घरात सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा, रात्री अकरा वाजता पंखा कसला वारा देतो ते. पत्रा सूर्यासोबत तापतो आणि सूर्य मावळला की लगेच निवतो. ज्या घरात माणसं दिवसा शेतात आणि रात्री घरात असतात, त्या घराला झोपेच्या वेळी निवणारं छप्पर जास्त उपयोगाचं.

पावसाचा आवाज. येतो. खाली छत आणि उष्णतारोधक थर असेल तर तो बराच कमी होतो. उन्हाचा आणि आवाजाचा इलाज एकच आहे, म्हणजे खर्चही एकदाच.

वीज. पत्रा वीज ओढून घेतो ही भीती गावोगाव आहे. वीज पडते ती उंचीमुळे. घराभोवतीची माडाची झाडं छपरापेक्षा उंच असतात. शिवाय पत्रा जळत नाही. दिवाळीत बाण येऊन पडला तर गवताचं छप्पर पेटतं, पत्रा पेटत नाही. छपराला चांगलं अर्थिंग करून घ्या आणि निश्चिंत राहा.

गंज. लोखंड गंजतं, म्हणूनच त्यावर जस्ताचा मुलामा असतो. ही युक्ती १८३७ पासूनची आहे. हल्ली किनाऱ्याला जो पत्रा वापरतात त्यावरच्या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. खाऱ्या हवेत तो साध्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा जास्त वर्षं काढतो. त्याला मारतो तो बसवणारा. ग्राइंडरने कापला की कडेचा मुलामा जळतो आणि उडालेल्या ठिणग्यांचे कण पत्र्यावर चिकटून गंजाचे ठिपके पडतात. पत्रा कात्रीने कापायचा असतो. भोकं पाडताना पडलेला चुरा त्याच दिवशी झाडून काढायचा असतो. ओल्या सिमेंटचा लेप त्या मुलाम्याला लागू द्यायचा नसतो. रबरी वॉशरशिवाय स्क्रू मारायचा नसतो, आणि वॉशर चेपून फाटेल इतका आवळायचाही नसतो. ही चार पथ्यं पाळणारा फॅब्रिकेटर शोधा. त्याने दोन पैसे जास्त मागितले तरी द्या.

आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे तिच्याकडे येतो. सिमेंटचा पत्रा.

गावातली शाळा, पोल्ट्री, गोठा, घराची पडवी, सगळीकडे तो राखाडी पत्रा आहे. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू फुप्फुसात गेले की वीस, तीस, चाळीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत. साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली. आपण ते खाणीतून काढणं थांबवलं आणि बाहेरून विकत घेणं चालू ठेवलं. आपल्या मजुराने ते खणू नये, पण आपल्या मुलांनी त्याखाली बसावं, हा कुठला न्याय? पत्रा अखंड असतो तोवर धोका कमी असतो. पण करवतीने कापताना, भोक पाडताना, वादळात फुटताना धूळ उडते. आणि तो जुना होऊन ठिसूळ झाला की पाय ठेवताच मोडतो. गळती बुजवायला वर चढलेली माणसं त्यातून खाली पडून मेली आहेत. लोखंडी पत्रा वाकतो, असा तुटून माणसाला खाली पाडत नाही. भंगारवाला जुना लोखंडी पत्रा पैसे देऊन नेतो. सिमेंटच्या पत्र्याला तो हात लावत नाही, आणि ते तुकडे गावाच्या ओढ्यात जातात.

२०११ च्या जनगणनेत छपरांची वर्गवारी आहे. तिथे लोखंडी, धातूचे आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात टाकलेत. निरुपद्रवी छप्पर आणि विषारी छप्पर सरकार एकत्र मोजतं. मग किती मुलं कशाखाली झोपतात हे कळणार कसं? येत्या जनगणनेत हा रकाना फोडा. आणि जिल्हा परिषदांनी आपल्या शाळांपासून सुरुवात करावी: ॲस्बेस्टॉस काळजीपूर्वक, ओला करून, न फोडता उतरवायचा आणि त्या जागी लोखंडी पत्रा व खाली छत करायचं.

विकत घेताना फसू नका. दुकानदार रंग दाखवतो, तुम्ही जाडी विचारा. तो सांगतो ती जाडी मुलामा आणि रंग धरून आहे की नुसत्या लोखंडाची, हेही विचारा. मुलाम्याचं वजन चौरस मीटरला किती ग्रॅम ते विचारा. जस्ताच्या पत्र्याला आयएस २७७ आणि ॲल्युमिनियम-जस्ताच्या पत्र्याला आयएस १५९६१ हे भारतीय मानक आहे. हे सगळं बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर दुकान बदला. घरासाठी एकूण अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. कागदासारखा पातळ पत्रा चार पैसे वाचवतो आणि पहिल्याच वादळात पूर्ण किंमत वसूल करतो.

शेवटी पाणी, कारण छपराचं हे देणं आपण सर्वांत जास्त वाया घालवतो. गुळगुळीत पत्र्यावरून पावसाचं बहुतेक सगळं पाणी खाली येतं. हजार चौरस फुटांचं छप्पर, तीन हजार मिलिमीटर पाऊस: कोकणातल्या एका घराच्या पन्हळीतून वर्षाला दोन लाख लिटरहून जास्त पाणी जातं. त्याच घरापुढे एप्रिलमध्ये टँकर उभा असतो. मराठवाड्यात सातशे मिलिमीटर धरा, तरी पन्नास हजार लिटर होतात. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने पाच माणसांचं घर त्यावर सहा महिने चालतं. सगळं साठवायला जमणार नाही, कबूल. पण दहा हजार लिटरची टाकी अख्खा मे महिना काढते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, गाळणी बसवा, पिण्यासाठी उकळून घ्या. स्लॅबवरच्या शेवाळाचं आणि कबुतरांच्या घाणीचं पाणी यापेक्षा स्वच्छ असतं असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

छप्पर कसलं आहे यावरून माणसाची ऐपत मोजणं आता बंद करू. सोयरीक जमवताना विचारायचंच असेल तर हे विचारा: छप्पर पायापर्यंत बांधलेलं आहे का? खाली छत आहे का? त्यात ॲस्बेस्टॉस नाही ना? पावसाचं पाणी टाकीत जातं का? या चार प्रश्नांना ज्या घराची उत्तरं सरळ येतात, त्या घरात मुलगी बिनधास्त द्यावी. ते पत्र्याचं असलं तर जास्तच बिनधास्त.